शोभेची दारू : तिच्यापासून होणाऱ्या इजा व त्या टाळण्याचे उपाय

दिवाळी चार दिवसांवर आली म्हणजे बाजारांत पणत्या, आकाशकंदील आणि रांगोळीचे रंग यांच्या जोडीला शोभेच्या दारूचीं दुकानें मांडलीं जातात, आणि मुलांचे पाय आपोआप तिकडे वळतात. नरकचतुर्दशीस पहांटे अभ्यंगस्नान आटोपून आळींतला पहिला फटाका कोण वाजवितो, याची चढाओढ तर ठरलेलीच. शिवाय लग्नाची वरात, नाताळ, नव्या वर्षाची मध्यरात्र, क्रिकेटच्या सामन्यांतील जय, निवडणुकीची मिरवणूक, अशा कितीतरी प्रसंगीं आतां दारू उडविली जाते. ह्या आनंदावर विरजण घालावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. परंतु ज्या रात्रीं घरोघर दिवे लागतात, त्याच रात्रीं इस्पितळांत हात भाजलेलीं व डोळे दुखावलेलीं मुलें आणलीं जातात, हेंही तितकेंच खरें आहे. अशा वेळीं "नशिबांत होतें तें झालें" असें म्हणून आपण मोकळे होतों. तें म्हणणें बरोबर नव्हे. दारू ही पदार्थविज्ञानाच्या व रसायनशास्त्राच्या नियमांप्रमाणें वागते; ती कोणावर रागावत नाहीं आणि कोणाची गयही करीत नाहीं. ते नियम ज्यानें समजून घेतले, त्याला बहुतेक सर्व इजा टाळतां येतात.

शोभेच्या दारूची हौस आपल्याकडे नवी नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील विद्वान् परशुराम कृष्ण गोडे यांनीं इ. स. १४०० ते १९०० ह्या पांचशें वर्षांतील भारतीय दारूकामाचा इतिहास एका निबंधांत मांडला असून, तो १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. सोळाव्या शतकांतील एकनाथमहाराजांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'तील दारूकामाच्या वर्णनाचीही दखल त्यांत घेतलेली आहे. राजेरजवाड्यांच्या समारंभांत हें काम त्यांत मुरलेले कारागीर करीत. पुढें विसाव्या शतकांत तामिळनाडूंतील शिवकाशी येथें ह्या धंद्याची मोठी वाढ झाली, आणि आज देशांतील बहुतेक फटाके तेथूनच येतात. माल स्वस्त झाला व खेडोपाडीं पोंचला. जें काम कारागिराचें होतें, तें आठ वर्षांच्या मुलाच्या हातीं आलें. कारागिराचें ज्ञान मात्र त्या मालाबरोबर आलें नाहीं. तें आपण मुद्दाम मिळविलें पाहिजे.

प्रथम ही दारू म्हणजे काय तें पाहूं. जुन्या काळ्या दारूंत वजनानें सुमारें ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असें प्रमाण असतें. कोळसा व गंधक हें जळण, आणि सोरा हा त्या जळणास प्राणवायु पुरविणारा. चुलींतलें लाकूड जळण्यास भोंवतालची हवा लागते. म्हणूनच त्यावर माती टाकली कीं तें विझतें. दारूचें तसें नाहीं. ती आपला प्राणवायु आपल्या पोटांतच घेऊन आलेली असते. त्यामुळें कागदाच्या घट्ट गुंडाळींतही ती जळते, आणि पेटलेली वात पायानें चिरडली किंवा मातींत दडपली, तरी ती आंतून जळत राहूं शकते. ही एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, तीच दारू मोकळी जाळली तर भडका उडतो, आणि कोंडून जाळली तर स्फोट होतो. जळतांना तिच्यापासून तप्त वायु निघतो, आणि त्याला मूळच्या कित्येक शेंपट जागा लागते. भुईनळ्याला वर तोंड ठेविलेलें असतें, म्हणून तो वायु ठिणग्या घेऊन कारंज्यासारखा बाहेर पडतो. सुतळी बाँबला तोंडच नसतें. म्हणून आंतला दाब वाढत जाऊन शेवटीं सगळें वेष्टण एकदम फाटतें. हल्लींच्या मोठ्या आवाजाच्या फटाक्यांत ॲल्युमिनियमची बारीक पूडही घातलेली असते, व तिच्यामुळें स्फोट काळ्या दारूच्या स्फोटाहून पुष्कळच जलद व प्रखर होतो.

ह्यावरून दिसून येईल कीं, शोभेच्या दारूपासून होणारी इजा मुख्यतः तीन प्रकारची असते: उष्णतेनें भाजणें, दाबाच्या धक्क्यानें फाटणें, आणि उडालेल्या कपच्यांनीं जखम होणें.

पहिल्या प्रकाराचें उत्तम उदाहरण म्हणजे फुलबाजी. ती सर्वांत निरुपद्रवी समजली जाते, व तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हातांतही निःशंकपणें दिली जाते. वास्तविक जळत्या फुलबाजीचें तपमान १००० अंश सेंटिग्रेडच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतें. पाणी उकळतें १०० अंशांवर, आणि सोनें वितळतें १०६४ अंशांवर, हें लक्षांत घेतलें म्हणजे आपण बालकाच्या हातीं काय देतों याची कल्पना येईल. मग तिच्या ठिणग्या हातावर पडल्या तरी फारसें भाजत कसें नाहीं, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, ठिणगीचें तपमान फार असलें तरी तिचें वजन अत्यल्प असतें. म्हणून तिच्याजवळचा उष्णतेचा सांठाही अत्यल्प असतो, व तो त्वचेला लागतांच संपतो. परंतु हा अनुभव फसवा आहे. तीच ठिणगी डोळ्यांत गेली, किंवा नायलॉनच्या झग्यावर पडली, तर परिणाम वेगळा होतो. आणि फुलबाजीची तार म्हणजे कांहीं ठिणगी नव्हे. प्रकाश विझल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. अंधारांत ती दिसत नाहीं, आणि अनवाणी पाय नेमका तिच्यावर पडतो.

दाबाचा धक्का व कपच्या हे दोन प्रकार फटाक्यांत एकत्र आढळतात. फटाका हातांत धरून पेटवावयाचा व उडण्यापूर्वीं फेंकावयाचा, हा खेळ पुष्कळ मुलें खेळतात. परंतु वातीची लांबी व तिच्या जळण्याचा वेग प्रत्येक फटाक्यांत सारखा नसतो. नऊ वाती तीन-चार सेकंद घेतील, तर दहावी एकाच सेकंदांत संपेल. फटाका मुठींत असतांना उडाला, तर वायूला बाहेर पडण्यास बोटांशिवाय दुसरी वाट राहत नाहीं, आणि मग तो बोटें फोडूनच वाट काढतो. डब्याखालीं, करवंटीखालीं किंवा बाटलींत फटाका उडविणें हाही ह्याच जातीचा अविचार. कागदाचे तुकडे हलके असल्यामुळें हवेंत लौकर मंदावतात. पत्रा, कांच व करवंटी यांच्या कपच्या जड व धारदार असल्यामुळें दूरवर जातात. म्हणजे जें शस्त्र फटाक्यानें बरोबर आणलेलें नव्हतें, तें आपणच त्याच्या हातीं देतों.

भुईनळा दिसण्यांत सौम्य. पण त्याच्या मातीच्या कुंडीला बारीक तडा असला, किंवा त्याचें तोंड चोंदलेलें असलें, तर कारंजें होण्याऐवजीं कुंडीच फुटते, आणि वांकून पाहणाऱ्याच्या तोंडावर खापऱ्या बसतात. बाणाची गोष्ट निराळी. तो ज्या दिशेस रोंखाल त्या दिशेस जातो. त्याची काठी मोडलेली असली किंवा बाटली कलंडली, तर तो आकाश सोडून शेजारच्या खिडकींत, गवताच्या गंजींत, अथवा रस्त्यानें जाणाऱ्याच्या अंगावर जातो. म्हणूनच दारूनें जायबंदी होणाऱ्यांत पुष्कळजण ती उडविणारे नसून केवळ पाहणारे असतात. "मी तर नुसता उभा होतों" ह्या म्हणण्यानें कोणाचाही बचाव होत नाहीं.

ह्या सर्व उदाहरणांचा विचार केला असतां इजा टाळण्याचें मर्म दोन शब्दांत सांगतां येतें: अंतर आणि धीर.

अंतराचें महत्त्व गणितानें दाखवितां येईल. एखाद्या लहानशा तप्त वस्तूपासून आपण दुप्पट दूर गेलों, तर अंगावर येणाऱ्या उष्णतेची तीव्रता निम्मी नव्हे, तर एकचतुर्थांश होते. तिप्पट दूर गेलों तर एकनवमांश. म्हणजे मागें घेतलेलीं दोन-चार पावलें दिसतात त्याहून फार मोलाचीं असतात. "कपची येतांना दिसली कीं डोळा मिटूं" असें कोणी म्हणेल, तर त्यानें आणखी एक गणित करून पाहावें. पापणी मिटावयास साधारणपणें एकदशांश सेकंद लागतो. सेकंदास ५० मीटर वेगानें उडालेली कपची तेवढ्या वेळांत ५ मीटर पुढें गेलेली असते. वातीवर ओणव्या झालेल्या मुलाचा डोळा फटाक्यापासून अर्धा मीटरही दूर नसतो. तेथें चपळाईचा कांहीं उपयोग नाहीं. उपयोग आधीं ठेविलेल्या अंतराचाच.

धीराची कसोटी लागते ती न उडालेल्या फटाक्यापाशीं. वात जळाली, सगळ्यांनीं कानांवर हात ठेविले, आणि आवाजच झाला नाहीं. अशा वेळीं "फुसका निघाला" असें म्हणत कोणीतरी धांवत जातो, वांकून पाहतो, वर फुंकर घालतो. दारू आपला प्राणवायु आपल्याबरोबर बाळगते, हें वर सांगितलेंच आहे. वातीचें टोंक आंतल्या आंत धुमसत असेल, तर तो फटाका मेलेला नसून केवळ उशीर करीत असतो. म्हणून अशा फटाक्याजवळ निदान पंधरा-वीस मिनिटें कोणीही जाऊं नये. नंतर लांबूनच त्यावर भरपूर पाणी ओतावें, आणि तो पुन्हां पेटविण्याचा प्रयत्न कधींही करूं नये. अनेक फुसके फटाके फोडून त्यांतील दारू कागदावर गोळा करावयाची व तिला काडी लावावयाची, ही मुलांची आवडती युक्ति तर फारच घातक आहे. मोकळी दारू एका क्षणांत भडकते, आणि काडी धरलेला हात व त्यावर वांकलेला चेहरा हे दोन्ही त्या भडक्यांत सांपडतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं रस्त्यांतील कचऱ्यांतून न उडालेले फटाके वेंचणारीं गरिबांचीं मुलें ह्याच रीतीनें भाजतात. आपण रात्रीं पाणी ओतण्याचा कंटाळा केला, त्याचा दंड तीं भरतात.

अंतर व धीर पाळण्याचा प्रश्नच ज्यांत येत नाहीं, असा एक प्रकार अलीकडे निघाला आहे. २०२५ सालच्या दिवाळींत भोपाळ येथें व मध्यप्रदेशांतील इतर गांवीं प्लास्टिकच्या नळीच्या गांवठी तोफेमुळें, जिला लोक 'कार्बाइड गन' म्हणतात, शंभराहून अधिक लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत मुलांचा भरणा मोठा होता, आणि कित्येकांची दृष्टि धोक्यांत आली. कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागलें कीं त्यापासून ॲसिटिलीन नांवाचा ज्वालाग्राही वायु निघतो, व मागें चुना उरतो. तोफ उडाली नाहीं म्हणून मूल नळीच्या तोंडाशीं डोळा नेऊन पाहूं लागतें, आणि नेमकी त्याच क्षणीं ती उडते. मग तप्त वायु, प्लास्टिकच्या कपच्या आणि चुना हे सर्व एकदम डोळ्यांत जातात. यांपैकीं चुन्याचा अपाय सर्वांत कपटी. आम्लानें डोळ्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनें गोठतात, व त्या गोठलेल्या थरामुळें तें पुष्कळदां तेथेंच अडतें. चुन्यासारखा अल्क पदार्थ मात्र पेशींचें स्निग्ध आवरण विरघळवीत खोल शिरतो, आणि धुऊन काढला नाहीं तर तासन् तास नासधूस करीत राहतो. पानतंबाखूबरोबर खाण्याच्या चुन्याची पुडी खेळतांना फुटून मुलांच्या डोळ्यांत चुना गेल्याचीं उदाहरणें नेत्रवैद्यांस चांगलीं परिचित आहेत. ही तोफ म्हणजे तोच चुना स्फोटाच्या जोरानें डोळ्यांत मारणारें यंत्र होय. तिच्याविषयीं एकच नियम पुरे: ती करूं नये, विकत घेऊं नये, आणि दुसरा उडवीत असेल तर तेथें उभें राहूं नये.

डोळ्याविषयीं इतकें विस्तारानें लिहिण्याचें कारण उघड आहे. त्वचा वरवर भाजली तर नवी येते. हाड मोडलें तर सांधतें. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यावर खोल व्रण पडला, तर तो कांचेवरील ओरखड्यासारखा कायमचा राहतो. नुसत्या धक्क्यानेंही डोळ्याच्या आंत रक्तस्राव होतो, भिंग गढूळ होऊन बाळपणींच मोतीबिंदु येतो, किंवा मागील दृष्टिपटल आपल्या जागेवरून सुटतें. भिंग बदलतां येतें, पुढील पडदाही नेत्रदानामुळें मिळूं शकतो; परंतु गेलेली दृष्टि परत देईल असा सबंध डोळा बसविण्याची विद्या अद्याप मनुष्यास साध्य झालेली नाहीं. कानाचीही तीच गोष्ट. ज्या सूक्ष्म केशपेशींच्या योगानें आपणांस ऐकूं येतें, त्या एकदां मेल्या म्हणजे पुन्हां उगवत नाहींत. सरकारनें १९९९ सालीं फटाक्यांच्या आवाजास ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबल ही मर्यादा घालून दिली. त्या ४ मीटरांच्या आंतच जो उभा राहतो, त्याच्या कानांस ती मर्यादा कशी राखणार?

आतां प्रत्यक्ष आचरणाचे नियम सांगतों. खरेदी परवानाधारक दुकानांतूनच करावी, आणि डब्यावर कारखान्याचें नांव व वापरण्याच्या सूचना छापलेल्या आहेत कीं नाहीं तें पाहावें. क्लोरेट व गंधक यांचें मिश्रण नुसत्या घर्षणानेंही पेटूं शकतें, म्हणून त्याच्या स्फोटकांवर भारत सरकारनें १९९२ सालीं बंदी घातली. नांवगांव नसलेल्या मालांत काय भरलें आहे, हें कोणास ठाऊक? सर्वोच्च न्यायालयानेंही २३ ऑक्टोबर २०१८ रोजीं दिलेल्या निर्णयांत बेरियमचे क्षार असलेले फटाके व फटाक्यांच्या माळा यांस मनाई केली. असा माल कोणी लपूनछपून विकत असेल, तर तो घेऊं नये.

घरीं आणलेला माल देवघर, स्वयंपाकघर व विजेचीं बटणें यांपासून दूर, बंद डब्यांत ठेवावा. मुलांनीं फटाके खिशांत घालून हिंडूं नये. सांठवलेल्या दारूला एक ठिणगी पुरते, याचा धडा आपल्या महाराष्ट्रास २९ ऑक्टोबर २०१६ रोजीं मिळाला. त्या दिवशीं औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपति संभाजीनगर, येथील मैदानावर भरलेला फटाक्यांचा बाजार भर दिवसां पेटला, आणि शंभराहून अधिक दुकानें पाहतां पाहतां भस्मसात् झालीं. त्याच वर्षीं १० एप्रिल रोजीं केरळांत कोल्लमजवळील पुट्टिंगल देवालयाच्या उत्सवांत सांठ्यास आग लागून शंभराहून अधिक माणसें प्राणास मुकलीं.

दारू मोकळ्या पटांगणांत उडवावी. जिना, सज्जा, अरुंद बोळ, गवताची गंजी, मांडव व उभीं वाहनें यांच्याजवळ उडवूं नये. कपडे सुती व अंगाबरोबर बसणारे असावे. नायलॉन किंवा टेरिलीन जळतांना वितळून त्वचेला चिकटतें. पदर व ओढणी खोंचून घ्यावी, केंस बांधावे, पायांत बूट घालावे; पेटविणारानें साधा कां होईना, पण चष्मा लावावा. डबा उघडण्यापूर्वीं पाण्याच्या दोन बादल्या व एक जाड सुती चादर जवळ आणून ठेवावी. एका वेळीं एकानेंच, आणि तोही वडील माणसानें, एकच नग पेटवावा. लांब उदबत्ती घेऊन हात पुरता लांबवावा, तोंड एका बाजूस ठेवावें, कोणताही अवयव फटाक्यावर येऊं देऊं नये, आणि वात पेटतांच मागें फिरावें. पाहणारांनीं निदान पांच-सहा मीटर दूर, व मोठ्या नगाच्या वेळीं त्याच्या दुप्पट दूर उभें राहावें. बाणासाठीं बाटली घेऊं नये. जमिनींत घट्ट रोंवलेली नळी वापरावी. फुलबाजी एका वेळीं एकच, अंगापासून दूर धरावी, आणि विझतांच तिची तार पाण्याच्या बादलींत टाकावी. पांच वर्षांखालील मुलांनीं नुसतें पाहावें. त्यांचा आनंद त्यामुळें रतिभरही कमी होत नाहीं. कुत्र्यामांजरांच्या अंगावर वा कोणा वाटसरूच्या पायाशीं फटाका फेंकणें हें तर क्रौर्यच होय.

इतकी दक्षता घेऊनही अपघात झालाच, तर पहिलीं वीस मिनिटें फार महत्त्वाचीं असतात. कपडे पेटले तर धांवूं नये, कारण वाऱ्यानें ज्वाला वाढते. जागच्या जागीं आडवें होऊन लोळावें, व इतरांनीं जाड चादर टाकून किंवा पाणी ओतून आग विझवावी. भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या पाण्याखालीं निदान २० मिनिटें धरावा. वरचा जाळ विझला तरी आंत शिरलेली उष्णता खालच्या थरांना भाजीतच असते. ती पाण्यानें निघून जाते. बर्फ लावूं नये. त्यानें दुखावलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. शाई, टूथपेस्ट, हळद, तूप इत्यादि पदार्थ थापूं नयेत. त्यांनीं जखम दूषित होते, व ती किती खोल आहे हें डॉक्टरांस दिसत नाहीं. आंगठी, बांगडी वगैरे सूज येण्यापूर्वींच काढावी. चिकटलेलें वस्त्र ओढूं नये, फोड फोडूं नयेत. स्वच्छ कापडानें सैल झांकावें. भाजलेली जागा रोग्याच्या स्वतःच्या तळहाताहून मोठी असली, किंवा चेहरा, हात वा सांधा यांवर असली, तर इस्पितळांत न्यावें. कातडी पांढुरकी अथवा काळी पडून वेदनाच होत नसतील, तर तें सुचिन्ह समजूं नये. तेथील ज्ञानतंतूच जळालेले असतात. धनुर्वाताच्या लशीविषयींही डॉक्टरांस विचारावें.

डोळ्यास इजा झाली असतां तो कदापि चोळूं नये. राख, दारू किंवा चुना गेला असेल, तर क्षणाचाही विलंब न करितां स्वच्छ पाण्याच्या धारेनें, पापण्या उघड्या धरून, अर्धा तास डोळा धुवावा, आणि मग इस्पितळ गांठावें. परंतु डोळा कापला असेल, रक्त येत असेल किंवा आंत कांहीं रुतलें असेल, तर धुऊं नये, दाबूं नये व रुतलेली वस्तु काढूं नये. कागदी पेल्याचा तळ डोळ्याभोंवतीं हाडावर टेंकेल असा बसवून हलकेंच चिकटवावा, आणि रोग्यास तडक नेत्रवैद्याकडे न्यावें. शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव असल्यामुळें वाटेंत कांहीं खाऊंपिऊं घालूं नये. बाहेरून डोळा ठीक दिसला, तरी फटाक्याचा मार लागलेला प्रत्येक डोळा त्याच दिवशीं दाखविला पाहिजे. महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेसाठीं १०८ व अग्निशामक दलासाठीं १०१ हे क्रमांक घरांतील प्रत्येक मुलास पाठ असावेत.

येथें पालकांस एक नम्र विनंती करावीशी वाटते. पुष्कळ मुलें इजा झाली तरी ती घरीं सांगत नाहींत. "नको म्हटलें असतां गेलास कशाला?" ह्या प्रश्नाची त्यांना वेदनेहून अधिक भीति वाटते. अंधुक दिसूं लागलेला डोळा मूल दोन-दोन दिवस लपवितें, आणि तेवढ्यांत उपायाची वेळ निघून जाते. म्हणून दिवाळीपूर्वींच मुलांना जवळ बसवून स्पष्ट सांगावें कीं, चूक तुझी असो वा दुसऱ्याची, इजा झाली तर प्रथम आम्हांस सांग. त्या दिवशीं कोणी रागावणार नाहीं. आणि तें वचन पाळावें. रागावण्यास पुढें वर्ष पडलें आहे. डोळा वांचविण्यास मात्र कांहीं घटकाच असतात.

विद्यार्थ्यांसही दोन शब्द. हातांत फटाका उडवून दाखविणारा मुलगा मित्रांत शूर ठरतो, व "लांब हो" म्हणणारा भित्रा ठरतो. परंतु ज्या धोक्यापासून कोणाचेंही हित होत नाहीं, तो पत्करण्यास शौर्य म्हणत नाहींत. पेटत्या घरांतून मूल बाहेर काढणारा अग्निशामक दलाचा शिपाई शूर खरा. आणि तो सुद्धां शिरस्त्राण घातल्यावांचून आंत पाऊल टाकीत नाहीं. चार मित्रांच्या टवाळीस न जुमानतां लहानग्यांना मागें सारणें, फुसक्या फटाक्यावर पाणी ओतून येणें, सगळे घरीं गेल्यावर पटांगणांतील तारा गोळा करणें, ह्यांत अधिक धैर्य लागतें. असा एक तरी मुलगा किंवा मुलगी प्रत्येक आळींत निघाली, तर इस्पितळांतील कित्येक खाटा दिवाळींत रिकाम्या राहतील. दारूची शोभा पाहावी ती डोळ्यांनीं. ती पाहण्यासाठीं डोळेच गमावण्याची वेळ कोणावर येऊं नये, इतकीच ह्या लेखामागील इच्छा आहे.